आधी धुलाईघर दाखवा

तीनशे खाटांच्या हॉस्पिटलात चौतीस वर्षं चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे डगले सांभाळलेल्या बाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. हॉस्पिटलात त्या इस्त्रीबाई होत्या आणि निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी शेजारीपाजारी, कोपऱ्यावरचा दुकानदार, सगळे त्यांना इस्त्रीबाईच म्हणत. त्यांनाही त्यात कमीपणा वाटत नसे. कुणी चुरगळलेला शर्ट घालून समोर आलं, की बाई आधी कॉलरकडे बघत आणि मग सवड मिळाली तर चेहऱ्याकडे.

धुवायला आलेली चादर उलगडली की त्यांना सगळं कळायचं. पेशंट कुठल्या कुशीवर झोपतो, त्याला पाणी कुणी पाजलं की त्यानेच थरथरत्या हाताने सांडत घेतलं, नर्सने त्याची कूस बदलून दिली की नाही, सगळं. एकदा एकाच वॉर्डातल्या अकरा चादरी बघून त्या तडक वरच्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या वॉर्डाची सिस्टर पुढे सहा महिने त्यांच्याशी बोलली नाही. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. पेशंट वेळेवर कुशीवर वळवले जाऊ लागले होते, त्यांना तेवढं पुरे होतं.

घरात त्यांच्या जोडीला होत्या थोरल्या जाऊबाई, वय वर्षं एकोणऐंशी. थोरल्यांनी शाळेत जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे आपलंही चुकू शकतं ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. इस्त्रीबाई लग्न होऊन त्या घरात आल्या त्या आठवड्यातच दोघींचं पहिलं भांडण झालं, आणि त्यानंतर खिडकी उघडी ठेवायची की बंद इथपासून ते मीठ कुठल्या बरणीत ठेवायचं इथपर्यंत एकही विषय त्यांनी सोडला नाही. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, पेपर तोंडासमोर धरून बसत. पुढे दीड वर्षाच्या अंतराने दोघे भाऊ गेले आणि घरात भांडायला या दोघीच उरल्या. आता या दोघी वेगळं बिऱ्हाड करणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तसं काही झालं नाही. दुसरीकडे कुणाशी इतकं मनमोकळं भांडता आलं असतं?

नऊ वर्षं छान गेली. मग थोरल्यांचे गुडघे बोलू लागले, पाठोपाठ त्या बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला, आणि चार पायांची काठी हातात आली. गणिताच्या बाईंना खुर्चीतून उठायला आधार लागू लागला. पहाटे कधीकधी अंथरूण ओलं झालेलं असायचं. इस्त्रीबाई ती चादर ओढून काढायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करायच्या आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा घालायच्या. थोरल्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात राही. तो महिन्यातून एकदा येई, कडक इस्त्रीच्या चादरीवर बसून गरम चहा पिई आणि बायकोला फोन करून सांगे, "सगळं झकास चाललंय." मुलांना दिसतं ते तेवढंच असतं, आणि आपण तरी त्यांना दुसरं काय दाखवतो?

एका सकाळी थोरल्यांना उठवताना इस्त्रीबाईंच्या कमरेत कळ आली आणि दोघी बाथरूमच्या फरशीवर बसल्या त्या बसल्याच. आधी हसू आलं, मग थंडी वाजायला लागली, मग हसू थांबलं. शेजारच्यांनी दार उघडेपर्यंत दोन तास गेले. दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून धावत आले.

"आई, तू आता माझ्याकडे चल," मुलगा म्हणाला. "आणि काकू..."



"हं. काकू कुठं?" थोरल्यांनी विचारलं. "बोल ना. उदाहरण अर्धं सोडायचं नसतं."

उत्तरही शेवटी थोरल्यांकडे होतं. "ज्येष्ठांसाठी राहायच्या जागा असतात ना हल्ली? तिथं जाऊ. पण एक खोली, दोन पलंग. नाहीतर आम्ही दोघी बाथरूममध्येच बसतो, आता सवय झालीच आहे."

इस्त्रीबाईंनी तोंड फिरवून खिडकीचा पडदा सारखा केला. डोळे भरून आलेले जाऊबाईंना दाखवायचे म्हणजे काय!

पुतण्या कामाला लागला. त्याने कॉम्प्युटरवर नऊ जागांचा तक्ता केला, एकतीस रकाने. व्यायामशाळा, वाचनालय, सिनेमाची खोली, कारंजं. मुलांना कारंजी का आवडतात कोण जाणे. ऐंशीच्या घरातलं माणूस त्यात पोहत नाही, उलट पाण्याच्या आवाजाने त्याला सारखं बाथरूमला जावं लागतं. पण तक्त्यात कारंज्याला पाच गुण होते.

ज्या जागेला सगळ्यांत जास्त गुण, तिथे चौघं आधी गेली. काचेची दारं, माशांची टाकी आणि व्यवस्थापिकेचं बत्तीस दात दाखवणारं हसू. तिने सगळं फिरवून दाखवलं. शेवटी विचारलं, "काही शंका?"

"धुलाईघर दाखवा," इस्त्रीबाई म्हणाल्या.

बत्तीस दातांपैकी निम्मे मिटले. "कपडे बाहेर जातात आमचे. त्याची तुम्हाला काही काळजी नको."

काळजी तिथेच सुरू झाली. बाहेरच्या बाकावर एक आजोबा बसले होते आणि त्यांच्या अंगात स्वेटर होता बायकी. बटणं उलट्या बाजूला. "हा तुमचाच का हो?" बाईंनी विचारलं. "माझा कुठला," आजोबा आनंदाने म्हणाले, "पण माझा कुणीतरी घातलाय, म्हणून मी हा घातलाय." बाई गाडीत जाऊन बसल्या. पुतण्याने विचारलं, "काकू, पण कारंजं बघितलंत का?" त्यावर सूनच म्हणाली, "गाडी काढ."

दुसऱ्या जागी धुलाईघर होतं आणि दाखवलंही. बाईंनी एक चादर नाकाशी धरली, उजेडात धरली आणि परत ठेवली. कपडे पांढरे करायच्या औषधाचा वास नाकात झोंबत होता आणि चादरीच्या बरोबर मध्यावर कापड विरलं होतं. चादर रोज तिथेच ओली होते आणि वेळेवर कुणी बदलत नाही, म्हणून मग इतकं औषध ओतावं लागतं, हे कळायला त्यांना दुसरा पुरावा नको होता. सूनबाईही आता शहाणी झाली होती. ती परस्पर जेवणघरात शिरली आणि एका आजींना विचारून आली, "इथं काम करणाऱ्या मुली किती दिवसांच्या आहेत?" आजी म्हणाल्या होत्या, "नावं पाठ होतात तोवर बदलतात."

तिसरी जागा तक्त्यात आठवी होती. ना कारंजं, ना मासे. जिन्याच्या कठड्याचा रंग हातांनी घासून गेलेला. ही मंडळी न कळवता दुपारी जेवणाच्या वेळेला गेली, ही युक्तीही सूनबाईचीच. जेवणघरात गलका होता. कुणाचं तरी सूप गार झालं म्हणून एक आजोबा तावातावाने बोलत होते आणि वाढणारी बाई तेवढ्याच तावातावाने उत्तर देत होती. थोरल्यांचे डोळे लकाकले. "इथं बोलायला माणसं आहेत," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या मागे धुलाईघर. तिथली बाई, सगळे तिला लाँड्रीताई म्हणत, बारा वर्षं तिथेच होती. प्रत्येक कपड्याला आतून रंगीत दोऱ्याचे टाके घातलेले. प्रत्येक खोलीचा रंग वेगळा. हरवलेल्या मोज्यांसाठी भिंतीवर एक दोरी होती आणि तिच्यावर मोजे फक्त तीन.

"शंभर माणसांत तीन?" इस्त्रीबाई म्हणाल्या.

"त्यातले दोन एकाच आजोबांचे आहेत," लाँड्रीताई म्हणाली. "त्यांना एकच पाय गार लागतो."

इस्त्रीबाईंनी न विचारता तिथला एक अभ्रा उचलला आणि इस्त्री फिरवली. लाँड्रीताईने तो बघितला, मग बाईंकडे बघितलं, आणि दोघींचं गूळपीठ तिथल्या तिथे जमलं.

मग तिथल्या मोठ्या सिस्टरने सगळ्यांना समोर बसवलं.

"आधी महिनाभर राहून बघा, मगच करार करा," सिस्टर म्हणाली. "आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, ती मीच सांगते. पुढे मदत जास्त लागायला लागली तर काय, हे सगळीकडे विचारत जा. आमच्याकडे स्वतःचं स्वतः करणारे वरच्या मजल्यावर. ज्यांना उठवायला, न्हाऊ घालायला माणूस लागतं, ते खाली. खाली रात्रंदिवस बायका असतात. तिथल्या खोलीतही दोन पलंग आहेत, पण दोन्ही मदत लागणाऱ्यांचेच. नवरा-बायको असले तरी हाच नियम. वर की खाली ते मी आणि डॉक्टर तपासून ठरवतो."

पुतण्याने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. एकतीस रकान्यांत हा नव्हता.

तपासणीला पंधरा दिवस होते आणि इस्त्रीबाईंनी मनाशी पक्कं केलं, की जाऊबाई पास झाल्याच पाहिजेत. खाली गेल्या तर पलंग दोन, पण दुसरा कुणा परक्या बाईचा. म्हणून घरी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर शिकवणी सुरू झाली.

"नाक गुडघ्यांच्या पुढे. आता टाचा दाबा. हाताला धरायचं नाही. उठा!"

"कॉपी करणाऱ्यांना मी वर्गाबाहेर उभं करायची," थोरल्या धापा टाकत म्हणाल्या.

"तुम्हाला बाहेर उभं राहता आलं तरी पुरे आहे."

रोज वीस वेळा. रविवारी पुतण्या आला, दारातून हे दृश्य बघून त्याचा ऊर भरून आला. "वा! या वयात व्यायाम!" सूनबाई मात्र दोघींकडे बघत राहिली. तिला संशय आला होता, पण काकूंच्या नजरेपुढे तिने चहाच मागितला.

तपासणीच्या दिवशी थोरल्या अशा उठल्या, जणू वर्गात तपासनीस आले आहेत. दारापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या, बसल्या. तारीख, वार, औषधांच्या वेळा, सगळं घडाघडा.

"रात्री काही त्रास?" सिस्टरने विचारलं.

"हिचं घोरणं."

"अंथरूण कधी ओलं होतं का?"

थोरल्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिची पुढचं विचारायची छाती झाली नाही. वरची खोली मिळाली. "वरच ठेवा आम्हाला," थोरल्या म्हणाल्या, "म्हणजे फार वर नको, इतक्यात." सगळे हसले. त्या श्रमाने थोरल्या पुढचे दोन दिवस झोपून होत्या, ते सिस्टरला कुणी सांगितलं नाही.

महिना सुरू झाला. एक खोली, दोन पलंग, मधे छोटं टेबल. जे मागितलं ते मिळालं होतं, आणि ते टिकवता टिकवता इस्त्रीबाईंचा जीव मेटाकुटीला आला. पहाटे पाचला उठायचं, जाऊबाईंना उठवायचं, ओली चादर काढायची, बाथरूममध्ये बादलीत धुवायची, बाल्कनीत आतल्या बाजूने बांधलेल्या दोरीवर टाकायची. कुणी दार वाजवलं की चार पायांची काठी कपाटामागे. जेवायला खाली जायचं म्हणजे जिना नाहीतर लिफ्ट, आणि लिफ्टपर्यंत चालताना कुणी बघितलं म्हणजे? म्हणून बाई ताट वर आणत आणि सांगत, "जाऊबाईंना वाचनाचं वेड आहे हो फार." ज्या थोरल्यांना बोलायला माणूस नसेल तर भिंत चालायची, त्या दिवसभर खिडकीशी बसून खालच्या जेवणघराचा गलका ऐकत.

इस्त्रीबाईंना हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्या दमलेल्या होत्या आणि दमलेल्या माणसाला पुढच्या तासाच्या पलीकडचं दिसत नाही.

दर मंगळवारी धुवायचे कपडे पिशवीत भरून द्यायचे असत. दोन पलंग आणि चादर एकच गेली तर लक्षात येईल, म्हणून बाई थोरल्यांची धुतलेली चादरही पिशवीत घालत. दुपारी निवांत वेळ मिळाला की त्या लाँड्रीताईकडे जाऊन बसत, चार अभ्रे हातावेगळे करत. तेवढाच त्यांना विसावा होता.

एकोणिसाव्या दिवशी त्या गेल्या तेव्हा लाँड्रीताईने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि एक चादर त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली.

"बाई, ही तुमच्या खोलीतली. टाके हिरवे."

"बरं मग?"

"माझी बारा वर्षं गेली यात. चुरगळलेल्या चादरी येतात, फाटलेल्या येतात, एकदा एकीतून अंडं आलं. पण मळक्या कपड्यांच्या पिशवीत इस्त्री केलेली चादर कुणी पाठवलेली मी बघितली नव्हती." तिने घडीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "कोपरा आत दुमडून. ही हॉस्पिटलातली घडी. मला येत नाही अशी."

इस्त्रीबाईंनी ती घडी बघितली. त्यांनी सगळा विचार केला होता. दोरी आतून बांधली होती, काठी लपवली होती, पुतण्याला, सिस्टरला, डॉक्टरला गुंडाळलं होतं. पण चुरगळलेली चादर दुसऱ्या बाईच्या हातात द्यायची, हे त्यांच्या हातांना जमलंच नव्हतं. हातांनी आपलं आपण वाळलेल्या चादरीवर इस्त्री फिरवली होती, कोपरा दुमडला होता, आणि डोक्याला पत्ताही लागू दिला नव्हता.

"तीन मंगळवार," लाँड्रीताई हळूच म्हणाली. "मधला भाग रोज धुतलेला आहे. थोरल्या बाईंना त्रास आहे ना?"

"सिस्टरला सांगितलंस?"

"अजून नाही."

"नको सांगूस. अकरा दिवस राहिलेत. करार झाला की..."

"करार झाला की काय होणार? त्यांचे पाय सुधारणार?" लाँड्रीताईने चादर उचलून छातीशी धरली. "बाई, तुम्ही मला सांगा. तुमच्या हॉस्पिटलात अशी चादर तुमच्या हातात आली असती, तर तुम्ही गप्प बसला असता?"

 अकरा चादरी घेऊन साहेबांपुढे उभी राहिलेली बाई आता काय तोंडाने बोलणार? त्या उठल्या. "उद्या मीच सांगते," एवढंच म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या. एकेक पायरी चढताना त्यांना वाटत होतं, की आपण जाऊबाईंना आपल्या हाताने खाली पाठवायला निघालो आहोत. सेहेचाळीस वर्षांचा संसार म्हटला तर तो नवऱ्यापेक्षा या बाईबरोबरच जास्त झाला होता.

खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागलेला होता. म्हणजे आतून कुणीतरी घंटी दाबली होती. बाई पळतच आत शिरल्या.

थोरल्या पलंगावर बसल्या होत्या, ठणठणीत. शेजारी सिस्टर. आणि चार पायांची काठी खोलीच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी.

"ये," थोरल्या म्हणाल्या. "मी यांना सगळं सांगितलंय. खुर्चीची शिकवणी, काठी, अंथरूण. कॉपी केली होती, पेपर रद्द करा म्हटलं."

"जाऊबाई!" इस्त्रीबाईंचा आवाज चिरकला. "पंधरा दिवस मी तुम्हाला उठायला शिकवलं, ते यासाठी?"

"आज पहाटे तू बादलीशी वाकलीस आणि भिंत धरून उभी राहिलीस. किती वेळ उभी होतीस? मी मोजत होते. चार मिनिटं. तुला वाटलं मी झोपलेय."

इस्त्रीबाई आपल्या पलंगावर बसल्या.

"पहिल्या दिवशीच सांगितलं असतंत," सिस्टर म्हणाली, पण रागाने नाही, "तर तेव्हापासूनच पहाटे एक बाई आली असती. सगळी घरं हेच करतात. तपासणीला आई-वडिलांना असं पॉलिश करून आणतात, की आम्हाला खरं माणूस कळतच नाही. मग ते पडतात, तेव्हा कळतं. मी उद्या डॉक्टरांना घेऊन पुन्हा बघते. पण तुम्ही जे सांगताय त्यावरून, बाई, तुम्हाला खालीच बरं पडेल."

"मग मलाही खाली न्या," इस्त्रीबाई एकदम म्हणाल्या. "माझीही तपासणी करा. मला उठता येत नाही."

सिस्टरने भुवया वर केल्या. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि उठायचा प्रयत्न केल्यासारखं केलं. नाक गुडघ्यांच्या मागेच ठेवलं. पुन्हा केलं. तोंड वेडंवाकडं करून कण्हल्याही.

"आत्ता तुम्ही पळत आलात," सिस्टर म्हणाली.

"ते... त्यानेच गेली कंबर."

"ऊठ गं," थोरल्या म्हणाल्या. "नाटकात तुला कधीच बक्षीस मिळालं नसतं."

पण इस्त्रीबाई उठल्या नाहीत, कारण आता त्या खरंच रडत होत्या. सिस्टर दार ओढून घेऊन बाहेर गेली. थोड्या वेळाने थोरल्या बोलल्या, आणि त्यांचा आवाज शाळेतला नव्हता.

"ऐक. गेल्या दोन वर्षांत तू माझ्याशी एकदा तरी भांडलीस?"

"तुम्ही आजारी..."

"मी काहीही म्हटलं की 'हो जाऊबाई'. चहात साखर जास्त झाली म्हटलं, 'हो जाऊबाई'. परवा मी मुद्दाम म्हटलं की तुला अभ्र्याची घडी धड येत नाही. तुला! तर तू म्हणालीस, 'हो जाऊबाई'. मी सगळी दुपार रडले. तू मला उचलतेस, पुसतेस, धुतेस आणि पेशंटशी बोलतात तशी गोड बोलतेस. मला उचलायला इथं चार बायका आहेत गं. पण माझी जाऊ मला एकच होती, आणि ती या चादरी धुण्यात कुठंतरी गेली. मला ती परत पाहिजे."

 इस्त्रीबाई उठून थोरल्यांच्या पलंगावर बसल्या. "घडीचं तुम्ही मुद्दाम बोललात?" त्यांनी विचारलं.

"मुद्दाम."

"मला लागलं होतं ते."

"मग बोलायचंस ना!"

दोन दिवसांनी थोरल्या खाली राहायला गेल्या. खिडकीशी पलंग, शेजारी एक आजी, ज्यांना ऐकू कमी येतं आणि म्हणून ज्या सगळं ऐकून घेतात. पुतण्या आणि सून सामान हलवायला आली होती. पुतण्याचा चेहरा उतरला होता. "आई, तुम्हाला वेगळं करायचं नव्हतं मला," तो दहादा म्हणाला. थोरल्या म्हणाल्या, "तू केलं नाहीस, आम्ही केलं. आणि पुढच्या वेळी आमच्याकडे आलास की नुसता चहा पिऊन जाऊ नकोस. पलंगाखाली बघ, कपाटामागे बघ, आणि आम्ही 'छान चाललंय' म्हटलं तर दुसऱ्यांदा विचार."

त्या रात्री इस्त्रीबाई वरच्या खोलीत एकट्या होत्या. पहाटे पाचला सवयीने जाग आली, पाय खाली टाकले आणि समोर रिकामा पलंग. काही करायचं नव्हतं. त्या तशाच बसून राहिल्या आणि त्यांना फार वाईट वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. आठ वाजेपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला आणि मग खाली गेल्या. जाऊबाई रडून सुजल्या असतील, परक्या हातांनी न्हाऊ घातल्यामुळे संकोचल्या असतील, त्यांना काय बोलून धीर द्यायचा, हे त्या जिन्यावर मनात जुळवत होत्या.

थोरल्या न्हाऊन, केस विंचरून, खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"ही काय यायची वेळ झाली?" त्या म्हणाल्या. "सात वाजल्यापासून मी एक गोष्ट आठवून बसलेय. मी स्वतःच्या हाताने विणून तुला निळा स्वेटर दिला होता. तुझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी."

"मग त्याचं काय?"

"तू तो आटवलास. उकळत्या पाण्यात घालून. बाहुलीच्या मापाचा झाला होता. आणि सगळ्यांना सांगितलंस, चुकून झालं."

इस्त्रीबाईंच्या ओठांवर 'हो जाऊबाई' आलं होतं. सवयीने आलं होतं. त्यांनी जाऊबाईंकडे बघितलं. विंचरलेले केस, वर उचललेली हनुवटी, आणि डोळ्यांत वाट बघणं. बाईंनी खुर्ची ओढली आणि समोर ठाण मांडून बसल्या.

"चौतीस वर्षं मी हॉस्पिटलात लोकर धुतली," त्या म्हणाल्या, आवाज चढत होता, "आणि माझ्या हातून चुकून स्वेटर आटेल? तुम्हाला गणित तरी कुणी शिकवलं? मुद्दाम आटवला! भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंतचा स्वेटर, आणि रंग तरी काय, शाळेच्या गणवेशाचा! उरलेल्या लोकरीचा विणून माझ्या गळ्यात मारलात!"

"उरलेली लोकर?" थोरल्या ओरडल्या. "मी दुकानातून नवी आणली होती!"

"दाखवा पावती!"

शेजारच्या पलंगावरच्या आजींनीसुद्धा मान वर केली. दारातून एक मदतनीस बाई घाबरून डोकावली, "काय झालं? कुणाला काही हवंय का?"

"मुद्दाम आटवला म्हणते!" थोरल्यांनी तिला सांगितलं, आणि त्यांचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. "सेहेचाळीस वर्षं मी हेच म्हणत होते. कुणी ऐकलं नाही माझं!"